शेताचा मोबदला
१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या भातशेतीवर व मिठागरांवर नवी मुंबई उभी राहिली. चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या मुंबईच्या कारकुनाला तेथे हक्काचे घर लाभले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु शेत दरवर्षी पिकते. मोबदला एकदाच मिळतो. हा साधा हिशेब मांडताना जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच आंदोलकांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्यानंतरच आली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडीही कापली गेली. भूमिपुत्राला उशिरा का होईना, भाव मिळतो. पावसाचे पाणी अडवून धरणाऱ्या खाचराची किंमत मात्र जमाखर्चात कोठेच दिसत नाही. ती मांडल्याखेरीज प्रगतीचा ताळेबंद पुरा कसा म्हणावा?