उतरलेल्या भाड्यावर हक्क कुणाचा?

क्रूझचं बुकिंग केलं, दोन महिन्यांनी त्याच बोटीवरच्या तशाच केबिनचं भाडं उतरलं, आणि बुकिंग करणाऱ्याने फोन करून नवं भाडं लावून घेतलं, तर त्यात वावगं काय? न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांत हा प्रश्न उन्हाळ्याच्या आधी हमखास निघतो. भारतातून आई-बाबा आले की त्यांना सिएटलहून अलास्काला न्यायचं, हा तिथे जवळजवळ कुळाचार झाला आहे. प्रश्न निघाला की दोन तट पडतात. एक तट फोन करून मोकळा होतो, दुसरा नाक मुरडतो. मला भांडायचं आहे ते नाक मुरडणाऱ्यांशी. फोन करणाऱ्यांनाही दोन गोष्टी सुनवायच्या आहेत, पण त्या नंतर.

नाक मुरडणाऱ्यांचा पहिला मुद्दा भारदस्त आहे: एकदा घेतलं ते घेतलं, व्यवहार ठरल्यावर पुन्हा घासाघीस करणं सभ्य माणसाला शोभत नाही. बाबांच्या पिढीला हे चटकन पटतं. भाऊच्या धक्क्यावर कोकणच्या बोटीचं तिकीट त्यांनी ठरलेल्या दराने काढलेलं असतं. वरचा वर्ग महाग, खालचा स्वस्त, एवढाच काय तो फरक. आदल्या आठवड्यात काढणाऱ्याला एक दर आणि आज काढणाऱ्याला दुसरा, असा प्रकार नव्हता.

तत्त्व ठीक आहे, पण इथे ते लागू पडत नाही, कारण इथे ‘घेतलं’ असं अजून काही झालेलंच नसतं. अमेरिकेत क्रूझ बुक करताना आपण भरतो ते डिपॉझिट. उरलेली रक्कम भरायची तारीख, म्हणजे फायनल पेमेंटची तारीख, कंपनी आणि सफरीची लांबी पाहून साधारण ७५ ते १२० दिवस आधीची असते. डिपॉझिट परत मिळण्याजोगं असेल तर त्या तारखेपर्यंत बुकिंग रद्द करून सगळे पैसे मागता येतात. म्हणजे उतरलेलं भाडं दिसल्यावर जुनं बुकिंग रद्द करून नवं करायला कुणाची आडकाठी नाही. फोन करणारा हेच दोन टप्पे एका टप्प्यात उरकतो, आणि कंपनीही बहुधा मुकाट्याने आकडा बदलून देते. जी मोकळीक करारातच लिहून दिली आहे ती वापरणं म्हणजे शब्द मोडणं कसं?

शिवाय ही मोकळीक फुकटची नाही. काही कंपन्या एकाच केबिनचे दोन दर दाखवतात. डिपॉझिट परत न मिळणारा दर कमी, परत मिळणारा जास्त. ज्याने जास्तीचा दर निवडला त्याने मन बदलण्याच्या सवलतीचे पैसे मोजलेले आहेत. पैसे मोजून घेतलेली सवलत वापरणाऱ्याला चिकू म्हणणारे लोक गाडीचा विमा उतरवतात आणि अपघातानंतर क्लेमही करतात. तेव्हा त्यांची सभ्यता आड येत नाही.

दुसरा मुद्दा त्यांना बिनतोड वाटतो. भाडं वाढलं तर तुम्ही वरचा फरक भरता का? नाही ना? मग उतरल्यावर कसले मागता?

हा मुद्दा बिनतोड वाटतो, कारण विचारणाऱ्याने क्रूझचा करार वाचलेला नसतो. त्या बारीक अक्षरांत कंपनीने स्वतःसाठी काय काय राखून ठेवलंय ते पाहावं. ठरलेलं बंदर वगळता येतं, क्रम बदलता येतो, आणि त्याबद्दल भरपाई द्यायला कंपनी सहसा बांधील नसते. तेलाचा भाव चढला तर इंधन-अधिभार लावण्याचा हक्क अनेक कंपन्यांनी राखलेला आहे, आणि काहींनी तो भाडं पूर्ण भरून झालेल्या प्रवाशांवरही. म्हणजे किंमत वर जाण्याची सोय कंपनीने आपल्यापुरती करून ठेवलीच आहे. प्रवाशाने किंमत खाली आणली की मात्र तो व्यवहाराला जागला नाही! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

आणि भाडं वाढलं म्हणून कंपनीने लवकर येणाऱ्यावर उपकार केले, असंही नाही. लवकर आलेल्याने तिला दोन गोष्टी आधीच दिलेल्या असतात. एक, बोट किती भरेल याचा अंदाज. दोन, रोख पैसे. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या हिशेबात २०२४ आणि २०२५ मध्ये प्रवाशांनी आगाऊ भरलेली रक्कम ८ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. या पैशावर प्रवाशाला व्याज मिळत नाही. इतका मोठा बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो, म्हणून तर लवकर बुकिंग करणाऱ्यांना जाहिरातींत पायघड्या घातल्या जातात.

मुळात भाडं का उतरतं, हे एकदा पाहिलं की फोन करण्यातला संकोच निम्मा गळून पडेल. एखाद्या प्रवाशावर मेहरबानी करायला कंपनी भाडं उतरवत नाही. बोट बंदरातून सुटली की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते. ती पुढच्या आठवड्यात विकायला ठेवता येत नाही. त्यात क्रूझ कंपन्यांची कमाई नुसत्या भाड्यावर नसते. दारू, कॅसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, वायफाय, या सगळ्यांतून कार्निव्हलला एकूण उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो. रिकामी केबिन म्हणजे भाडं तर गेलंच, वर बारमधला ग्राहकही गेला. म्हणून बोट काठोकाठ भरणं हाच कंपनीचा ध्यास असतो. एका केबिनमागे दोन माणसं धरून बोट किती भरली ते मोजतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या खाटेवरची मुलं धरून बोटी १०० टक्क्यांच्याही वर भरतात. ही भरती साधण्यासाठी संगणक भाडं वरखाली करत राहतो. ही विद्या मूळची विमान कंपन्यांची. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकन एअरलाइन्सने तिचं शास्त्र बनवलं.

आपल्या रेल्वेनेही ती उचलली, पण जिना चढण्यापुरती. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोमध्ये फ्लेक्सी भाडं आलं. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वाढायचं, दीडपटीपर्यंत. तिथे लवकर येणारा सहसा सुखी असतो. क्रूझचा जिना दोन्ही दिशांना चालतो, आणि कुठल्या दिवशी कुठल्या दिशेला चालेल हे एकट्या कंपनीला ठाऊक. अशा खेळात प्रवाशाने डोळे मिटून बसावं, ही अपेक्षा सभ्यतेच्या नावाखाली कुणी करू नये.

तिसरा मुद्दा एजंटचा, आणि त्यात खरोखर तथ्य आहे. एजंटला कमिशन भाड्यावर मिळतं. भाडं उतरलं की त्याचं कमिशनही उतरतं, वर फोनवर ताटकळत बसण्याचं काम त्याच्याच गळ्यात. कारण एजंटमार्फत बुकिंग केलं असेल तर कंपनी सहसा प्रवाशाशी थेट बोलत नाही. पण याचा अर्थ प्रवाशाने गप्प बसावं असा होत नाही. भाड्यावर लक्ष कोण ठेवणार, बदल करायला तुमची फी आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. चांगले एजंट हे काम आपणहून करतात आणि पुढच्या वर्षीही त्याच घराचं बुकिंग मिळवतात. फी मागितली तर द्यावी. राबणाऱ्याच्या मेहनतीचे पैसे वाचवणं, हा मात्र मी चिकूपणाच समजतो.

आता फोन करणाऱ्या तटाकडे वळू, कारण त्यांच्यातले काही जण सगळ्यांचीच अब्रू घालवतात.

उतरलेला आकडा दिसला की यांचा हात फोनकडे जातो, पण त्या आकड्यासोबत काय जाणार आहे हे ते बघत नाहीत. समजा दोघांनी प्रत्येकी १६०० डॉलरला बाल्कनी घेतली, तेव्हाच्या योजनेत पेयांचं पॅकेज आणि बोटीवर खर्चायला २०० डॉलरचं क्रेडिट होतं. आज भाडं १४५० दिसतंय. दोघांचे मिळून ३०० वाचले म्हणून नवी योजना घेतली, तर जुन्या योजनेतलं क्रेडिट आणि पॅकेज दोन्ही जाऊ शकतात. वाचले किती, गेले किती? स्वस्त दिसणारा दर कधीकधी ‘गॅरंटी’ केबिनचा असतो. त्यात जागा कंपनी ठरवते, आणि गुडघे दुखणाऱ्या आईची खोली लिफ्टजवळून थेट बोटीच्या टोकाला जाते. डिपॉझिट परत न मिळणारं असेल तर बदलाला माणशी शुल्क लागू शकतं. आधी ही बेरीज-वजाबाकी करावी, मग फोन.

फायनल पेमेंटची तारीख उलटल्यावर मात्र आपली बाजू लंगडी आहे, हे मान्य करायला हवं. मोकळिकीची मुदत संपली. त्यानंतर कंपनीने वरच्या दर्जाची केबिन किंवा थोडं क्रेडिट दिलं तर आभार मानून घ्यावं, नाही दिलं तर कॉल सेंटरमधल्या मुलीवर आवाज चढवू नये. दर तिने ठरवलेले नसतात.

आणि अमेरिकेतलं हे सगळं उचलून जगभर लावू नये. ब्रिटनमध्ये बुक केलेल्या सफरीचं डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे तिथला लंडनकर मराठी माणूस फोन करून फार तर सौजन्य मागू शकतो. मुंबई-पुण्याहून टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर जाणाऱ्याने विमान, व्हिसा, हॉटेल, बोट असं एकत्रित पॅकेज घेतलेलं असतं. बोटीचं भाडं उतरलं म्हणून त्यातला तुकडा सहसा सुटा करता येत नाही. तिथे प्रश्न विचारायचा तो पैसे भरायच्या आधीच.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मुदतीच्या आत भाडं उतरलं तर कंपनीच्या संगणकाला ते पहिल्या क्षणी कळतं. कुठल्या प्रवाशाने जास्त दर दिलाय, त्याचा ईमेल काय, हेही त्याला माहीत असतं. त्याच प्रवाशाला पेयांच्या पॅकेजवरच्या सवलतीचे ईमेल तो आठवड्यातून दोनदा पाठवतो. मग ‘तुमच्या केबिनचं भाडं उतरलं आहे, नवं भाडं हवं का?’ एवढं एक वाक्य त्यात का नसावं? आज लाभ मिळतो तो ज्याला नियम माहीत आहे, ज्याला वेळ आहे, आणि ज्याला इंग्रजीत ठामपणे फोनवर बोलता येतं, त्यालाच. बाकीचे जास्त भाडं भरतात आणि त्यांना कधी कळतही नाही.

व्यवस्था बदलणं अवघड आहे, असं यावर सांगितलं जाईल. पोर्ट फी जाहिरातीच्या किमतीत धरणंही अवघडच मानलं जात होतं. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात सक्तीचे आकार धरूनच किंमत जाहीर करण्याचा कायदा लागू झाला, आणि मोठ्या क्रूझ कंपन्यांनी एकट्या कॅलिफोर्नियापुरती वेगळी सोय न करता साऱ्या अमेरिकेतल्या ग्राहकांना बेरीज केलेला आकडा दाखवायला सुरुवात केली.