पीडीएफ उघडताना तो आकडा वाचा

गणेश मंडळाची स्मरणिका, सोसायटीचा वार्षिक अहवाल, आजोबांच्या पंचाहत्तरीची पुस्तिका ही कामं हल्ली घरच्या घरी फोटोशॉप किंवा गिम्पवर होतात. छापून हातात आलं की तक्रार मात्र ठरलेली. स्क्रीनवर तर झकास दिसत होतं, मग कागदावर धूसर का आलं? राग निघतो छपाईवाल्यावर. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. जे बिघडायचं ते पीडीएफ उघडतानाच बिघडलेलं असतं.

संगणकावर टाइप करून केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं ठिपक्यांची नसतात, तिथे त्यांच्या आकारांची आखणी साठवलेली असते. म्हणून कितीही झूम करा, कडा स्वच्छ राहतात. फोटोशॉपला आणि गिम्पला मात्र पान पिक्सेलमध्येच हवं असतं. त्यामुळे पीडीएफ उघडताना एक चौकट येते आणि त्यात रेझोल्यूशन विचारलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल घालू? आपण न वाचता ओके दाबतो. आखणीचे ठिपके होतात आणि ते किती बारीक असावेत हे त्याच क्षणी ठरतं.

गिम्पच्या जुन्या आवृत्त्यांत तिथे १०० हा आकडा आधीच भरलेला असे. त्या हिशेबाने ए-४ आकाराचं पान ८२७ बाय ११६९ पिक्सेलचं होतं. तिथेच ३०० लिहिलं तर २४८० बाय ३५०८, म्हणजे नऊपट पिक्सेल. स्क्रीनवर पान मावेल एवढं छोटं करून पाहिलं तर दोन्ही सारखीच वाटतात. फसगत होते ती इथे. आणि पहिला फटका बसतो देवनागरीला. दहा पॉइंटाच्या मजकुराला १०० वर जेमतेम १४ पिक्सेल उंची मिळते. तेवढ्यात वरची वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खालचा उकार बसवायचा! जोडाक्षरांचा तर चिखलच होतो. ३०० वर तीच उंची ४२ पिक्सेलच्या आसपास जाते. पुस्तिका छापायची असेल तर ३०० च्या खाली जाऊ नका. मजकूर फार बारीक असेल तर ६०० घ्या. फाइल जड होईल, होऊ द्या.

‘आधी उघडू, मग इमेज साइझमध्ये जाऊन वाढवू’ हा विचार सोडा. तिथे आकडा वाढतो, पण नवे पिक्सेल सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतं. गेलेला अनुस्वार परत येत नाही. फाइल बंद करा आणि मूळ पीडीएफ योग्य आकड्याने पुन्हा उघडा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता वेगळी गोष्ट. पीडीएफमधून तुम्हाला मजकूर नको, फक्त फोटो हवाय. मग पान उघडूच नका. फोटोशॉपच्या त्याच चौकटीत वर ‘पेजेस’ आणि ‘इमेजेस’ असे दोन पर्याय असतात. ‘इमेजेस’ निवडलं की आत ठेवलेले फोटो जसेच्या तसे, त्यांच्या स्वतःच्या पिक्सेलसंख्येसह बाहेर येतात. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफलाही हेच लागू आहे, कारण तिच्यात अक्षरांची आखणी नसते, प्रत्येक पान हा एक फोटोच असतो. २०० वर स्कॅन केलेलं पान ६०० वर उघडलं तर फाइल फुगते, तपशील तेवढाच राहतो.

वर्डच्या फाइलमध्ये अडकलेले फोटो काढण्याची युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. डॉक्स फाइल ही खरं तर झिप असते. तिची एक प्रत करा, नावाच्या शेवटी झिप हा विस्तार द्या आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘मीडिया’ फोल्डर असतं, फोटो तिथे सापडतील. पण वर्ड बहुतेकदा स्वतःच फाइल सेव्ह करताना फोटोचे पिक्सेल कमी करतं. त्यामुळे लेख पाठवणाऱ्यांना स्पष्ट सांगा, फोटो लेखात चिकटवू नका, वेगळे पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्क्रीनशॉटबद्दल मला थोडं कडक बोलायचंय. मोबाइलवर पीडीएफ उघडून स्क्रीनशॉट घेणं आणि तो ‘पान’ म्हणून पाठवणं कृपा करून थांबवा. १०८० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवरचं पान ए-४ रुंदीला छापलं तर इंचाला १३० पिक्सेलच पडतात. मूळ पीडीएफ पाठवायला तेवढाच वेळ लागतो.

जुना पासपोर्ट फोटो मोठा छापायचा असेल तर निर्णय स्कॅनरवरच घ्यावा लागतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा तो फोटो ३०० वर स्कॅन केला तर छपाईत तेवढाच राहील. १२०० वर केला तर चौपट लांबी-रुंदीला, म्हणजे १४ बाय १८ सेंटिमीटरला, पिक्सेल पुरतात. मूळ फोटोच अस्पष्ट असेल तर अर्थात स्कॅनर काय करणार?

एकदा पान नीट उघडलं की काम चालू असेपर्यंत ते पीएसडी, एक्ससीएफ किंवा टिफमध्ये ठेवा. जेपीजीत पुन्हापुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडी झीज होते. आणि चौकातल्या फ्लेक्सला यातलं ३०० चं गणित लावू नका. तो दुरून बघायचा असतो, तिथे इंचाला १०० पिक्सेलही भरपूर होतात. दहा फुटांचा फ्लेक्स ३०० वर करायला घेतला तर फाइल एवढी फुगेल की छपाईवाल्याचा संगणक ती उघडताना अडून बसेल.