राखीव पाणी

ऑस्ट्रेलियातील ‘बुश’ हा शब्द आपल्या ‘रान’ या शब्दासारखाच ऐसपैस आहे. शहराची वस्ती संपली की जे काही सुरू होते ते सारे बुश. निलगिरीची जंगले, मेंढ्यांची कुरणे, दोन-चार दुकानांची गावे आणि एकमेकांपासून दूर विखुरलेली शेतघरे, सर्वांचा त्यात समावेश होतो. मेलबर्नला कन्येकडे मुक्काम असताना, तिच्या एका सहकाऱ्याच्या आई-वडिलांच्या आग्रहावरून बेंडिगो परिसरातील अशा एका शेतघरी आम्हा उभयतांना दहा दिवस राहण्याचा योग आला. यजमान चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांच्या पत्नी दोन वर्षांनी लहान. मुले शहरात, मेंढ्या विकलेल्या, कुरण शेजाऱ्याला खंडाने दिलेले. महिना फेब्रुवारीचा, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्याचा.

त्या रानाचे सौंदर्य आपल्या सह्याद्रीसारखे हिरवेगार नाही. तेथील बऱ्याच जातींच्या निलगिरी साल गाळतात. हातभर लांबीचे पट्टे बुंध्यावरून लोंबत राहतात आणि आतील खोड ओल्या मातीसारखे नितळ दिसते. पहाटे कुकाबरा पक्षी माणसे खदखदून हसावीत तसा आवाज करून सारे घर जागे करतो. दिवस मावळताना कांगारूंचे कळप कुरणाच्या कडेला येऊन निमूट चरू लागतात. भर दुपारी पानांतील तेलाचा उग्र वास हवेत भरून राहतो. आम्हाला तो सुवास वाटे, यजमान मात्र म्हणत, “हा इंधनाचा वास आहे.” गळलेली साल आणि तेलकट पाने एकदा पेटली की वारा त्यांच्या ठिणग्या फार दूरवर नेऊन टाकतो.

या घराला नळाचे पाणी नाही. पन्हाळीतून टाकीत उतरणारे छपरावरचे पावसाचे पाणी, एवढाच पुरवठा. जन्मभर ताळेबंद तपासलेल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय राहवेना. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. छप्पर २२० चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर धरला, तर वर्षाकाठी एक लाख दहा हजार लिटर. म्हणजे दोघांच्या संसाराला दिवसाला जेमतेम तीनशे लिटर, तेही एक थेंब वाया न जाता.

पण मला खरी मौज वाटली ती टाकीच्या रचनेची. घराकडे जाणारी नळी टाकीच्या तळाशी न लावता बरीच वर बसवली आहे. तिच्याखालचे दहा हजार लिटर पाणी घरात येऊच शकत नाही. ते अग्निशमनासाठी राखीव. बँकेतही राखीव निधीचे नियम याच कारणासाठी असतात. गरज आणि मोह एकाच वेळी दारात उभे राहिले की निश्चय टिकत नाही, म्हणून तो आधीच रचनेत बसवून ठेवावा लागतो.

या सावधगिरीमागे त्या प्रांताचा कठोर अनुभव आहे. व्हिक्टोरिया राज्यात १३ जानेवारी १९३९ च्या सुमारास लागलेल्या वणव्यांत ७१ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९४५ मध्ये ग्रामीण अग्निशमन प्राधिकरण अस्तित्वात आले. गावोगावी असलेल्या त्याच्या पथकांत शेतकरी, शिक्षक, दुकानदार विनावेतन काम करतात. तरीही ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी १७३ जणांचा बळी गेला. त्या दिवशी उत्तरेकडून खंडाच्या अंतर्भागातील तप्त वारा वाहत होता; सायंकाळी तो एकाएकी नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि वणव्याची लांबलचक बाजू हेच त्याचे तोंड झाले. तोवर घर नीट सज्ज करून ते राखण्यासाठी थांबणे, हा एक मान्य पर्याय होता. त्यानंतर, अतिधोक्याच्या दिवशी वेळीच घर सोडणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असे निक्षून सांगितले जाऊ लागले.

यजमान चाळीस वर्षे गावच्या पथकात होते. स्वयंपाकघरातील फ्रिजवर त्यांनी आपत्काळचा आराखडा लिहून लावला होता. त्यात ‘मी थांबेन’ हे शब्द खोडून ‘दोघेही निघू’ असे लिहिलेले होते. त्या एका ओळीवरून घरात तीन वर्षे वाद चालला, असे यजमानीणबाईंनी सांगितले. डॉक्टरांच्या सल्ल्याने वा पत्नीच्या विनवणीने तो मिटला नाही. अखेर मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही थांबलात तर तुम्हाला आणायला मला आगीत यावे लागेल.” त्यांनी काही उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी ओळ बदललेली होती.

आमच्या मुक्कामातच तो आराखडा अमलात आला. आगीच्या धोक्याच्या तेथे चार पातळ्या असतात. आदल्या सायंकाळी तिसरी, अतितीव्र पातळी जाहीर झाली. सकाळी आठच्या आत कागदपत्रांची पेटी, औषधे, छायाचित्रांचा एक संच आणि कुत्रा गाडीत होते. बंब अडू नये म्हणून यजमानांनी कुरणाचे फाटक सताड उघडे ठेवले. वाटेत पथकाच्या ठाण्यावर ते पाच मिनिटे थांबले. तेथील प्रमुख तिशीतील एक तरुणी होती. पाण्याची नळी कशी धरावी हे तिला त्यांनीच एके काळी शिकवले होते. टाकीत किती पाणी आहे, ओढ्याकडील वाट कोठे खचली आहे, एवढे तिला सांगून ते परतले. कोणतीही सूचना केली नाही.

तो दिवस आम्ही बेंडिगोच्या ग्रंथालयात काढला. सायंकाळी वारा पडला, आम्ही परतलो. कोठेही काही पेटले नव्हते. फेरा फुकट गेला का, असे मी विचारले. ते म्हणाले, “विम्याचा हप्ता फुकट गेला असे तुम्ही बँकेत म्हणत होता का?”

आपल्या पेढ्यांमध्येही गादी सोडण्याचा प्रश्न बहुधा घरातील वडीलधाऱ्याच्या मानापमानाचा होऊन बसतो. चाळीस वर्षे जे राखले ते दुसऱ्याच्या हाती सोपवून निघणे सोपे नाही. परंतु आपण हट्टाने थांबलो, तर आपल्याला सावरण्यासाठी कोणाला परत यावे लागेल, हा हिशेबही मांडला पाहिजे. वणव्यात होरपळलेल्या निलगिरीच्या सालीखाली सुप्त अंकुर असतात. काही आठवड्यांत काळ्या बुंध्यावर पालवी फुटते. माणसाला ती सोय नाही. म्हणून निघण्याची ओळ आकाश निरभ्र असतानाच, शक्यतो स्वतःच्या हस्ताक्षरात, लिहून ठेवावी.