वुहानचा महापौर त्या दिवशी खरं बोलला होता

"चीनने 10 दिवसांत 1000 खाटांचं हॉस्पिटल उभं केलं, आपल्याकडेही असाच दंडुका पाहिजे!" हे फॉरवर्ड अजून फिरतंय. बरं, हॉस्पिटल उभं राहिलं. पण ती वेळ का आली, तेही बघू की.

2003 च्या सार्सनंतर चीनने देशभर एक संगणक यंत्रणा बसवली होती. संशयित साथ दिसली की हॉस्पिटलने थेट वर कळवायचं, स्थानिक साहेब मधे नको. म्हणजे सोय होती! तरी 30 डिसेंबर 2019 ला डॉ. ली वेनलियांग यांनी आपल्या वर्गमित्रांना ग्रुपवर सावध केलं, तर 3 जानेवारीला पोलिसांनी 'अफवा पसरवल्या' म्हणून त्यांची कागदावर सही घेतली. त्याच दिवसांत आधी शहराचं आणि मग हुबेई प्रांताचं वार्षिक अधिवेशन होतं. ते चालू असताना दिवसामागून दिवस सरकारी आकडा काय? नवीन रुग्ण शून्य. विषाणूसुद्धा शिस्तीत बसला होता म्हणायचा! 18 तारखेला तर एका वस्तीत 40 हजार कुटुंबांचं सामूहिक जेवण झालं. 23 ला शहर बंद केलं, तोवर 50 लाख लोक बाहेर पडले होते. हा आकडा खुद्द महापौरांचा.

हेच महापौर झोउ शियानवांग 27 जानेवारीला सरकारी टीव्हीवर म्हणाले की, वरून परवानगी मिळाल्याशिवाय स्थानिक सरकार माहिती जाहीर करू शकत नाही. लोकांनी शिव्या घातल्या. पण माणूस खरं बोलला होता. त्याची खुर्ची वुहानकरांच्या मतावर नव्हतीच. बढती वरून, हकालपट्टीही वरून. मग तो पेशंट मोजणार की वरच्यांचा मूड? फेब्रुवारीत प्रांताचा आणि शहराचा पक्षसचिव बदलला. बीजिंग नामानिराळं.

आणि हीच माणसं पुढे उलट्या टोकाला गेली, कारण आता वरून हुकूम होता 'शून्य कोविड'. जानेवारी 2022, शीआन शहर. आठ महिन्यांची गरोदर बाई, टेस्टची मुदत काही तासांनी उलटलेली. हॉस्पिटलने आत घेतलं नाही. बाहेर थंडीत बसून रक्तस्राव झाला, बाळ गेलं. दडवणं काय आणि दंडुका काय, दोन्हीकडे मान वरच वळलेली.

आता कुणीतरी म्हणेलच, आपल्याकडे आकडे दडवले नाहीत का? दडवले. पण दुसऱ्या लाटेत पत्रकार स्मशानात उभे राहून चिता मोजत होते आणि ते छापूनही येत होतं. फरक कळतोय ना?

डिसेंबर 2022 मध्ये निर्बंध उठल्यावर चिंगदाओ शहराच्या आरोग्यप्रमुखाने सांगून टाकलं, शहरात रोज सुमारे 5 लाख जणांना लागण होतेय. बातमी आली. थोड्या वेळाने बघितलं तर बातमी जागेवर, आकडा तेवढा गायब.