जात्यावरची विद्या वहींत उतरवा

आमच्या बायांना विद्या नव्हती, असें पोथीवाले सांगत आले आणि आम्हीही मुकाट्यानें मान डोलावीत आलों. हें धादांत खोटें आहे. विद्या होती, ती टिपून ठेवणारा घरांत कोणी नव्हता.

बहिणाबाई चौधरी ह्यांचेंच पहा. १८८० सालीं जळगांवजवळच्या असोदे गांवीं शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. त्यांस अक्षरओळख नव्हती. शेतांत व जात्यावर त्या गाणीं रचीत. मुलगा सोपानदेव स्वतः कवि, म्हणून कांहीं गाणीं वहींत उतरलीं. बाई १९५१ सालीं वारल्या व पुस्तक १९५२ सालीं निघालें. घरांत लिहिणारा नसता तर? अशा किती बहिणाबाई आम्हीं राखेबरोबर नदींत सोडल्या असतील!

बरें, बाईनें स्वतः लिहिलें तरी आम्हीं तें सांभाळलें काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' हें पुस्तक पुण्यांत छापविलें. सुरतेकडील एका विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां जो तो बायांच्या नांवानें बोटें मोडूं लागला. ताराबाईंनीं पुरुषांच्या अपराधाचा हिशेब मागितला. लोक त्यांच्यावर तुटून पडले. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सारां'त त्यांची बाजू घेतली. पुढें मात्र तें पुस्तक अडगळींत पडलें, तें १९७५ सालीं पुन्हां छापलें गेलें. ह्या ९३ वर्षांचा दोष केवळ भटशाहीच्या माथीं मारून भागणार नाहीं. सत्यशोधक म्हणविणाऱ्या आम्हांसही त्यांत वांटा आहे.

शिकलेली मुलगी काय करूं शकते, हें फुल्यांच्या शाळेंतल्या मुक्ता ह्या मांगाच्या मुलीनें दाखविलें. महारमांगांच्या दुःखाविषयींचा तिचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त छापला गेला.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, पिठाची गिरणी आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. पुण्याच्या अभ्यासकांनीं गांवोगांव हिंडून लाखभर ओव्या टिपल्या, हें मोठें काम झालें. पण तुमच्या आजीची ओवी टिपायला परका माणूस कशाला हवा? आज मुली शाळेंत जातात. सत्यनारायणाच्या दक्षिणेंतून एक वही घ्या, ती मुलीच्या हातीं द्या व तिला म्हाताऱ्या आजीपाशीं बसवा. ओवीखालीं आजीचें नांव व गांव मात्र लिहावयास विसरूं नका.