दुखणे दिसत नाही म्हणून खोटे?

अभ्यास नको असला की मुलांचे पाय दुखतात, असे आपण सहज म्हणून जातो. ताप थर्मामीटरला कळतो, मोडलेल्या हाडाचे प्लास्टर दिसते. परंतु ज्याचे अंग वारंवार दुखते त्या मुलाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो. आणि मुलाच्या शब्दाला आपल्याकडे किंमत ती किती!

दिव्यात आमच्या चाळीत चंद्रपूरकडचे एक कुटुंब आहे. त्यांच्या सहावीतल्या मुलाला मधूनमधून हातापायांत असह्य कळा येत. शाळेत त्याचे नाव 'ढोंगी' पडले. शेजाऱ्यांनी अंगारे सुचवले. अखेर रक्ततपासणीत सिकलसेल निघाला.

हा आजार आनुवंशिक आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रक्त न पोहोचल्याने कळा उठतात. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. विदर्भात, नंदुरबारात, आपल्या शेजारच्या पालघरातही त्याचे रुग्ण आहेत.

या कळा सुरीने कापून काढता येत नाहीत. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, दुखऱ्या भागाला शेक, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध, हे नेहमीचे उपाय. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घेतल्यास कळांचे फेरे कमी होतात. मात्र ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. ताप आल्यास तडक रुग्णालय गाठावे. मुलांच्या दीर्घकालीन वेदनांसाठी औषधांबरोबर व्यायाम आणि मानसिक आधारही हवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

माझे म्हणणे एवढेच की, यातला बराचसा उपचार वर्गात होतो. बाकावर पाण्याची बाटली, लघवीला जाण्याची मोकळीक, बुडालेला धडा पुन्हा समजावणे, याला पैसा लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. कायद्याने मानलेले दुखणे वर्गाने का मानू नये? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गरिबाच्या मुलाची शाळा एकदा सुटली की ती पुन्हा धरणे किती कठीण, हे मी घरातच पाहिले आहे.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येकजण बी. एड. करून शिक्षक होतील. हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिण्यापूर्वी एकदा तरी विचारा, "बाळा, कुठे दुखतंय?" आणि तो सांगेल ते खरे माना.