लहान झालेले पोट आणि भरलेला दस्तरखान



अकोला जिल्ह्यातील एका भगिनीचे लांबलचक पत्र आले आहे. वजन कमी करण्याचे ऑपरेशन होऊन त्यांना अकरा महिने झाले. पहिले सहा महिने भूक अशी लागतच नव्हती, घरचे म्हणत तेव्हा चार चमचे खायच्या. वजन भराभर उतरले, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, गुडघे हलके झाले. आता मात्र भूक परत येऊ लागली आहे आणि वजनाचा काटा महिनाभरापासून जागचा हलत नाही. त्यात लग्नसराई. ताटात थोडे घेतले की नणंदा, मावशा विचारतात, "कावून वं, आमच्या हातचं आवडलं नाही का?" कोणाचे मन राखायला दोन घास जास्त खाल्ले की उलटी होते. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "सोने मोडून केलेले माझे ऑपरेशन फुकट गेले का?"

आधी या प्रश्नाचे उत्तर देते: नाही. जे होत आहे ते बहुतेक सर्वांचे होते. फक्त ते आधी कोणी समजावून सांगितलेले नसते.

या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे अजून कुजबुजत बोलतात, जणू काही लाजिरवाणे केले आहे. खरे तर आपल्या विदर्भातील नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतले आणि ती बातमी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. २०१७ साली इजिप्तच्या इमान अब्देल अत्ती यांना मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणले गेले, तेही अनेकांना आठवत असेल. त्यांचे वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते. मार्चमध्ये ऑपरेशन झाले आणि सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार फार वेगळा आणि गुंतागुंतीचा होता, त्यावरून कोणी घाबरून जाऊ नये. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑपरेशन हा उपचाराचा एक दिवस असतो. त्यानंतरची काळजी वर्षानुवर्षांची असते, आणि ती बहुतांशी स्वयंपाकघरात घ्यावी लागते.

शरीरात नेमके काय बदलते? आपल्याकडे जास्त करून स्लीव्ह नावाचे ऑपरेशन होते. त्यात पोटाच्या पिशवीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भरल्या पोटी लिटरभर किंवा त्याहून जास्त मावणारी पिशवी सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटरवर येते, म्हणजे एक लहान वाटी. दुसरा प्रकार बायपासचा. १९६६ साली अमेरिकेत डॉ. मेसन आणि डॉ. इटो यांनी तो सुरू केला. त्यात आता दोन मोठ्या चमच्यांएवढीच छोटी पिशवी ठेवून ती पुढच्या आतड्याला जोडतात.

भूक जाते ती केवळ जागा कमी झाल्यामुळे नव्हे. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः पोटाच्या वरच्या भागात तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली ते शोधून काढले. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. म्हणून सुरुवातीचे महिने जेवणाची आठवणही होत नाही. पुढे शरीर या बदलाला सरावते, पोटाची नळी थोडी सैल होते आणि भूक जागी होते. वजनही साधारण वर्ष-दीड वर्षात तळाला जाऊन थांबते. याचा अर्थ सुरुवातीचे फुकटचे महिने संपले. त्या काळात लावलेल्या सवयीच पुढे कामी येतात.

आता प्रमाणाचे पाहू. ऑपरेशननंतर आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचे जेवण, असा क्रम दीड-दोन महिने चालतो. त्यात आपल्या डॉक्टरांनी दिलेला कागद पाळावा. नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर एका वेळी अर्धी वाटी, आणि वर्षभराने एक ते सव्वा वाटी, इतकेच अन्न पुरेसे असते. हे डोळ्यांनी ठरवू नये. घरातली एक छोटी वाटी आणि नाश्त्याची बशी आपल्यासाठी वेगळी काढावी. मोठ्या ताटात एवढेसे अन्न केविलवाणे दिसते आणि हात आपोआप पुन्हा वाढून घेतो.

वाटी लहान, म्हणून तिच्यात काय आधी जाते ते महत्त्वाचे. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हिशेब अवघड नाही. दोन अंडी १२ ग्रॅम, शिजवलेले चिकन किंवा मासळी शंभर ग्रॅम सुमारे २५, पनीर पन्नास ग्रॅम ९, वाटीभर घट्ट वरण ६, पेलाभर दूध ६ आणि वाटीभर दही ५. झाले ६३. हे तीन जेवणांत आणि दोन छोट्या खाण्यांत वाटून घ्यावे. प्रत्येक वेळी आधी बोटी, अंडे किंवा डाळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकर किंवा भात.

वऱ्हाडातील जेवण यासाठी वाईट नाही, फक्त उलटे मांडावे लागते. आपण भाकरीबरोबर वरण खातो. आता वरणाबरोबर भाकर खायची. ज्वारीची भाकर पापुद्र्यासह घट्ट वरणात चुरून मऊ करावी. मटणाची कोरडी बोटी अडकते, तेच मटण खिम्याच्या रूपात, थोड्या रश्श्यात सहज उतरते. ताजी मऊ पोळी आणि मोकळा भात अनेकांना जड जातो, कारण त्याचा पोटात गोळा होतो. झणझणीत वऱ्हाडी रस्सा आणि तर्री पहिले काही महिने तरी दूर ठेवावी.

पाणी जेवताना नको. जेवणानंतर अर्धा तास थांबावे आणि मग दिवसभर घोट घोट करून दीड लिटर पूर्ण करावे. सोड्याची थंड पेये वर्ज्य. घास नखाएवढा घ्यावा, वीस-पंचवीस वेळा चावावा, जेवण वीस मिनिटे चालावे. अर्ध्या तासाहून लांबवू नये, कारण मग खाणे न संपता चालूच राहते.

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीसारखे तुडुंब वाटण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. छातीच्या हाडाखाली दाब वाटणे, अचानक उचकी, नाकातून पाणी किंवा एक मोठा सुस्कारा, ही त्या लहान पोटाची भाषा आहे. यातले एक जाणवले की हातातला घासही खाली ठेवावा. पत्रलेखिका भगिनीची उलटी ही त्या पुढच्या दोन घासांचीच आहे.

भूक परत आली तर ती कोणती, हेही ओळखावे. खरी भूक हळूहळू येते आणि तिला अंडेही चालते, डाळही चालते. मनाची भूक एकदम येते आणि तिला अमुकच हवे असते: शेगावची कचोरी, अमरावतीचा गिला वडा, नाहीतर चहात बुडवलेली खारी. दहा मिनिटे थांबून पाणी प्यावे, वजू करावी, अंगणात फेरी मारावी. मनाची भूक तोवर बहुधा सरते. सर्वांत फसवे पदार्थ म्हणजे बिस्किट, चिवडा, शेव, आइस्क्रीम. ते विरघळून पोटातून भरकन सरकतात, पोट भरल्याचे कळतच नाही. वजन पुन्हा वाढते ते बहुतेक वेळा बिर्याणीने नव्हे, दिवसभर येता-जाता तोंडात टाकलेल्या मूठमूठ चिवड्याने.

आता दस्तरखानाकडे येऊ. आपल्या घरांत एका थाळ्यात मिळून जेवण्याची रीत आहे. ती प्रेमाची आहे, पण त्यात आपण किती खाल्ले ते कळत नाही. म्हणून बसावे सर्वांबरोबर, वाढून घ्यावे आपल्या बशीत. ताटात टाकणे म्हणजे इसराफ, ही शिकवण आपल्या अंगात मुरलेली आहे. ती बरोबरच आहे, पण तिचा अर्थ उरलेले पोटात कोंबा असा नव्हे. कमी वाढून घेतले की टाकायचा प्रश्नच येत नाही. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण तर लहान पोट नसलेल्यांसाठीही आहे.

दावतीला उपाशी जाऊ नये. घरून एक अंडे किंवा वाटीभर दही खाऊन निघावे. तिथे आधी एखादा कबाब किंवा सालनातील बोटी, मग दोन चमचे बिर्याणी. जर्दा, खीर, शरबत यांना हात लावू नये. बायपास झालेल्यांना गोडाने काही मिनिटांत घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. आग्रह झाला तर लांब खुलासा देत बसू नये. "खाला, फार छान झाले आहे, माझे पोट भरले," एवढे पुरे. तरी ऐकले नाही तर डबा मागून घ्यावा. वाढणाऱ्याचा मानही राहतो.

रमजानचे काय? बहुतेक डॉक्टर निदान पहिले सहा महिने ते वर्षभर रोजे पुढे ढकलायला सांगतात. त्याचे मुख्य कारण भूक नाही, पाणी. या पोटात इफ्तारला दोन पेले पाणी एकदम बसत नाही. दिवसभरातील तूट रात्री भरून निघत नाही आणि अकोल्याच्या उन्हात तर धोका दुप्पट. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. सुटलेल्या रोजांचे काय करायचे ते आलिमांना विचारावे, पण रोजा झेपेल की नाही हे डॉक्टरांना विचारावे. परवानगी मिळालीच तर इफ्तार एका खजुराने आणि घोटभर पाण्याने करावा, नमाजनंतर प्रथिनांचे जेवण घ्यावे, आणि निजेपर्यंत पाण्याचे घोट चालू ठेवावेत.

औषधांत हयगय नको. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते आणि रक्त वेळोवेळी तपासावे लागते. जिलेटीनच्या कॅप्सूलमुळे काहीजणी गोळ्याच सोडून देतात. तसे न करता डॉक्टरांकडे साधी गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागावी, ती मिळते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, प्रथिने नीट घेतली तर बहुधा परत येतात. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, पण निदान वर्ष ते दीड वर्ष थांबावे आणि कोणते साधन वापरायचे ते डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्याने पोटात जखम होऊ शकते. आणि हे नक्की लक्षात ठेवा: उलट्या दोन-तीन दिवस थांबतच नसतील, चालताना तोल जात असेल, दोन-दोन दिसत असेल, तर ते ब-१ जीवनसत्त्व संपल्याचे लक्षण असू शकते. ऑपरेशन नागपूरला झाले म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी जा आणि ऑपरेशन झाल्याचे सांगा.

शेवटी दोन शब्द घरच्यांसाठी. सासूबाईंनो, जाऊबाईंनो, तिच्या ताटाकडे पाहून "एवढुसं खाऊन काय होते?" असे विचारू नका. आणि चार महिने वजन थांबले तर "पैसे पाण्यात गेले" असेही म्हणू नका. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. सालनातील दोन बोट्या आणि वाटीभर घट्ट वरण आधी तिला काढून ठेवले, तरी अर्धे काम होते. पतीने संध्याकाळी तिच्याबरोबर अर्धा तास पायी फिरावे. साखर, रक्तदाब, गुडघे, झोप, यांत जो फरक पडला आहे तो काट्यावर दिसत नाही, पण घरातल्यांना दिसतो. तो तिला सांगत जा.

पुढील अंकात मधुमेही भगिनींच्या पायांची काळजी. पत्रे पाठवत राहा.